अक्षराचा देह आणि वाचकाची निवड

१

मराठी समीक्षेत ‘रूप’ ही संज्ञा दीर्घकाळ वापरात असली, तरी तिची व्याप्ती छापील पानापर्यंत क्वचितच पोचली आहे. रूप म्हणजे घाट, रूप म्हणजे रचनाबंध, रूप म्हणजे लयसंबद्धता, अशा अनेक अंगांनी ही चर्चा झाली. परंतु ज्या दृश्य वस्तूच्या द्वारे साहित्यकृती वाचकाच्या हाती येते, त्या वस्तूचे रूप समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. यामागे तात्त्विक कारणही आहे. मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम म्हणून अर्थाची, आणि त्यातही भावनात्मक अर्थाची, स्थापना केली. माध्यम जर अर्थ असेल, तर अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, समास आणि मुखपृष्ठ ही सारी वाहनाची अंगे ठरतात. कलाकृतीच्या अंगांत त्यांची गणना होत नाही. मर्ढेकरांशी मतभेद असणाऱ्यांनीही हे गृहीतक सहसा तपासले नाही. समाजशास्त्रीय समीक्षेने लेखकाचा वर्ग पाहिला, आशयातील जात पाहिली. पण पानाकडे तिचे लक्ष गेले नाही.

या उपेक्षेला मुद्रणविचारातूनही पाठबळ मिळाले आहे. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास बिएट्रिस वॉर्ड यांनी चांगल्या मुद्रणाला स्फटिकाच्या चषकाची उपमा दिली. चषक जितका पारदर्शक, तितके आतील मद्य निर्वेध दिसते. त्याचप्रमाणे मुद्रणही न दिसणारे असावे, असा त्यांचा आग्रह होता. स्टॅन्ली मॉरिसन यांनीही १९३० मध्येच मुद्राक्षरकलेचे प्रयोजन मूलतः उपयुक्ततेचे आहे, सौंदर्याचे नव्हे, अशी भूमिका मांडली. या विचाराची शिस्त मोलाची आहे. मात्र तो एक गोष्ट गृहीत धरतो : वाचकाला ते अक्षर आधीपासून परिचित आहे. पारदर्शकता हा अक्षराचा गुण नसून वाचकाच्या सवयीचा परिणाम आहे, आणि सवय ही शाळा, घर, जात व व्यवसाय यांनी घडवलेली असते. जे अक्षर एका वाचकाला काचेसारखे वाटते, तेच दुसऱ्याला भिंतीसारखे वाटू शकते.

रॉबिन किन्रॉस यांनी १९८५ मध्ये मांडणीतील तटस्थता हेही एक प्रकारचे वक्तृत्वच असते, असे दाखवून दिले. त्याच वर्षी डी. एफ. मॅकेन्झी यांनी आपल्या व्याख्यानांतून ग्रंथाचे भौतिक रूप त्याच्या अर्थावर परिणाम करते, हा सिद्धान्त मांडला आणि संहितांच्या समाजशास्त्राची गरज प्रतिपादिली. मराठीच्या संदर्भात हा विचार आणखी एक पाऊल पुढे न्यावा लागतो. मराठी मुद्रणाच्या इतिहासात अक्षराचे दृश्यरूप बदलण्याच्या प्रत्येक प्रसंगी, वाचक कोण असणार याचाही निर्णय होत गेला. हा निर्णय तांत्रिक सोयीच्या, शुद्धतेच्या किंवा सौंदर्याच्या भाषेत व्यक्त झाला, एवढेच. अक्षर पारदर्शक मानणारी समीक्षा ती निवड नकळत आपलीशी करते.

२

मराठी साहित्यकृतीचा छापील इतिहास देवनागरीत सुरू होत नाही, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदली जाते. पण तिचा अर्थ लावला जात नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. स्टीफन्स यांना देशी लिपीत छापण्याची इच्छा होती. १६०८ मधील पत्रात त्यांनी अडचण सांगितली आहे ती साच्यांच्या संख्येची : युरोपीय लिपीला दोन डझन साचे पुरतात, तर या लिपीला सुमारे सहाशे लागतील. ओवीबद्ध आणि जाणीवपूर्वक मराठी परंपरेशी नाते सांगणारी ही कृती अशा रीतीने एका परक्या वेशात अवतरली. परिणामी तिचा छापील वाचक धर्मांतरित गोमंतकीय समाजापुरता आणि पाद्र्यांपुरता सीमित राहिला. उर्वरित मराठी वाचकाच्या दृष्टीने हे काव्य जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. १९०७ ची सालढाणा यांची आवृत्तीही रोमन लिपीतच होती. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाल्यानंतरच या कृतीचा मराठी काव्यपरंपरेतील विचार व्यापक पातळीवर शक्य झाला. भाषा तीच, छंद तोच. बदलले ते केवळ अक्षर. तरीही साडेतीन शतके एका काव्याला आपल्या भाषेतील वाचकापासून दूर ठेवण्यास तेवढे पुरेसे ठरले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. मराठीला त्या वेळी दोन लिपी होत्या. मोडी ही दरबाराची, दप्तराची, कुलकर्ण्याच्या आणि सावकाराच्या वहीची लिपी. बालबोध ही पोथीची आणि संस्कृत विद्येची. मिरजेत १८०५ मध्ये ताम्रपटांवरून छापलेली भगवद्गीता बालबोधीत असणे स्वाभाविक होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपुढे मात्र निवडीचा प्रश्न होता. विल्यम केरी यांनी १८०५ च्या मराठी व्याकरणासाठी देवनागरी वापरली. पण १८१० चा त्यांचा मराठी कोश मोडी टाइपात छापलेला आहे. प्रत्यक्ष व्यवहारातील लिपी कोणती, याचा त्यांनी केलेला हा विचार होता. मुंबईत मात्र मिशनचे छापखाने, सरकारी शिक्षणखाते आणि मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश यांनी बालबोधीला प्रमाण मानले, आणि छापील मराठीतून मोडी मागे पडत गेली.

मोडी मागे पडण्याचे कारण तांत्रिक होते, असे सामान्यतः सांगितले जाते. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे जोडीत जातात. तिचे सुटे खिळे पाडणे कठीण असते. यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. केरी यांनी मोडीचे खिळे पाडून दाखवले होते. शिवाय शिळाछापाला खिळ्यांची गरजच नसते. हाताने काढलेले कोणतेही वळण दगडावरून कागदावर उमटते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा मोडी छापण्याचे साधन उपलब्ध झालेच होते. तरीही ते प्रामुख्याने वापरले गेले बालबोधीसाठी, आणि अनेकदा सुट्या आडव्या पानांच्या पोथीच्या आकारासाठी. तंत्राने मार्ग खुला केला होता. दिशा ठरवली ती प्रतिष्ठेने.

या निवडीचे परिणाम दूरगामी झाले. मोडी ही बहुजनांची लिपी होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तीही मुख्यतः कारकुनी करणाऱ्या जातींच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातात होती. परंतु तिच्यात व्यवहाराचे एक औदार्य होते. इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद ती पाळत नसे. ‘नदि’ की ‘नदी’ हा प्रश्न मोडी लिहिणाऱ्याला पडत नव्हता. बालबोधी छपाईबरोबर तो पडू लागला. मराठीने संस्कृतचा अक्षरदेह स्वीकारला, तेव्हा त्या देहाबरोबर संस्कृतच्या वर्णव्यवस्थेची शिस्तही आली. मेजर कँडी यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तकाने त्यात इंग्रजी वाक्याच्या शिस्तीची भर घातली. शब्द सुटे झाले, वाक्याला ठरावीक शेवट आला आणि मराठी पान नव्या अर्थाने वाचनीय झाले. पण त्याचबरोबर ‘अशुद्ध’ ही एक नवी कोटीही अस्तित्वात आली.

ही कोटी किती लवकर सामाजिक शस्त्र बनली, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून जोतीराव फुले यांच्या लेखनावर केलेल्या टीकेत व्याकरण आणि भाषेच्या अशुद्धतेचा उपहास ठळकपणे आहे. युक्तिवादाला उत्तर देण्यापूर्वी लेखकाचा लेखनाधिकार संशयित करण्याची सोय छापील बालबोधीने करून दिली होती. मोडीच्या कागदावर तो उपहास याच रीतीने शक्य झाला नसता. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी निरर्थक अनुस्वार गेले आणि मराठी पानावरचे टिंबांचे शिंपण विरळ झाले. पण ऱ्हस्व-दीर्घाचा निकष कायम राहिला. आजही उत्तरपत्रिकेत गुण कापले जातात ते या निकषावर. त्यामागे एका लिपीने दुसऱ्या लिपीवर मिळवलेला विजय आहे, याची जाणीव गुण कापणाऱ्याला असतेच असे नाही.

३

बालबोधीच्या या विजयाला सौंदर्याचे अधिष्ठान दिले ते निर्णयसागरने. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांची सुधारणा केली. त्याच छापखान्यात कनिष्ठ कामापासून सुरुवात केलेल्या जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये टाइपांची ओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी या अक्षराला भरदार तरीही रेखीव असे रूप दिले. पुढे ‘काव्यमाले’सारख्या मालांतून संस्कृत ग्रंथ याच अक्षरात निघाले, ते देशभर आणि युरोपातील विद्यापीठांत पोचले. छापील संस्कृत म्हणजे निर्णयसागर हे समीकरण रूढ झाले, आणि मुंबई वळणाचा अ, झ, ण देवनागरीच्या प्रतिष्ठित रूपाचा भाग झाला.

या घटनेतील विपरीतता लक्षणीय आहे. छापील कागदाला शिवण्यास कचरणारे कर्मठ लोक मुंबईत होते, हे गोविंद नारायण यांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात नोंदवले आहे. त्यानंतर काही दशकांतच शास्त्राध्ययनाचा प्रमाण ग्रंथ छापील झाला. आणि त्याचे अक्षर उतरले होते ख्रिस्ती मिशनच्या टाइपखान्यातून, घडले होते कोरणाऱ्या आणि ओतणाऱ्या कारागिरांच्या हातून. पंडिताने संहिता शोधली, त्याचे नाव मुखपृष्ठावर आले. अक्षर ज्याने घडवले, त्याचे नाव मुद्रणाच्या इतिहासकारांखेरीज कोणाला ठाऊक नाही. पारदर्शकतेचा सिद्धान्त येथे आपली दुसरी बाजू दाखवतो : अक्षर अदृश्य होते, तेव्हा अक्षर घडवणारा हातही अदृश्य होतो. बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या त्रिखंडात्मक ग्रंथाने हा हात बऱ्याच अंशी पुन्हा दृश्य केला. परंतु त्या ग्रंथाचा उपयोग मुद्रकांनी केला, साहित्यसमीक्षकांनी फारसा केला नाही.

४

अक्षराप्रमाणेच पानावरील जागेलाही सामाजिक अर्थ असतो. ‘दर्पण’ने १८३२ मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर दोन स्तंभांत शेजारी शेजारी छापला. ही मांडणीच त्या पत्राचा कार्यक्रम होती. राज्यकर्ता आणि प्रजा, दोघांनाही एकाच पानावर आणण्याचा तो प्रयत्न होता; आणि दोन स्तंभांमधली रेघ त्यांच्यातील अंतरही दाखवीत होती.

वृत्तपत्राच्या पानावर सर्वांत अर्थगर्भ जागा असते ती नावाची आणि त्याच्यालगतच्या बिरुदाची. ‘केसरी’ने १८८१ मध्ये त्या जागी जगन्नाथ पंडिताचा श्लोक घातला. मदांध हत्तीला उद्देशून, सिंहाच्या वनात क्षणभरही थांबू नकोस असे बजावणारी ही अन्योक्ती पत्राच्या नावाला आणि बाण्याला चपखल होती. परंतु तिचा अर्थ संस्कृतज्ञालाच लागणार. इतर वाचकाच्या दृष्टीने तो श्लोक म्हणजे अर्थ नसून मुद्रा होती. हे पत्र कोणत्या ज्ञानपरंपरेच्या अधिकाराने बोलते, याची ती खूण होती. मजकूर सामान्य जनांसाठी मराठीत आणि त्यावरची मुद्रा संस्कृतात, अशी ही रचना अधिकाराची उतरंड पानावरच रेखाटते.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा वृत्तपत्राच्या शीर्षभागाची हीच प्रचलित रचना स्वीकारली गेली. मात्र बिरुदाच्या जागी आला तुकारामाचा अभंग. भीड टाकून बोलण्याचा त्यातील निर्धार पत्राच्या नावाशी जोडलेला होता, आणि तो कळण्यासाठी वाचकाला दुभाष्याची गरज नव्हती. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ने त्याच जागी ज्ञानेश्वरीतील ओवी घातली. संदर्भ गीतेचाच, अर्जुनाला धनुष्य उचलायला सांगणाऱ्या प्रसंगाचा. पण गीतेचा श्लोक टाळून तिचे प्राकृत रूप निवडलेले. ज्या ग्रंथाच्या नावाने अधिकार सांगितला जात होता, त्याच ग्रंथाचा आशय मराठी वाणीतून बहिष्कृतांच्या हाती शस्त्र म्हणून देण्याची ही कृती होती. येथे मांडणीत नवे काही नाही, अक्षराचे वळणही नवे नाही. प्रस्थापित पानाचे व्याकरण जसेच्या तसे ठेवून त्यातील एका जागेचा ताबा घेतला गेला. मराठी मुद्रितसंस्कृतीतील हा एक मूलगामी दृश्य हस्तक्षेप आहे, आणि तो कोणत्याही चित्रकाराने केलेला नाही.

पानावरील जागेचा ताबा किती कळीचा होता, याची साक्ष आणखी एका प्रसंगाने मिळते. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, ही घटना आंबेडकरांच्या चरित्रांत नमूद आहे. विकत मिळणारी जागाही सर्वांना विकत मिळत नव्हती. छापील माध्यमाच्या प्रसारामुळे एक सलग समाज कल्पिता येतो, हे बेनेडिक्ट अँडरसन यांचे प्रतिपादन मराठीला लावताना हा प्रसंग विसरता येणार नाही. येथे एकाच भाषेत, एकाच लिपीत, एकाच प्रकारच्या खिळ्यांनी छापलेली दोन पाने दोन समाज कल्पीत होती.

५

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अक्षराच्या रूपाचा प्रश्न यंत्राच्या भाषेत मांडला गेला. स्टीफन्स यांना अडवणारी साच्यांची संख्या आता खिळे जुळवणाऱ्यांना, टंकलेखनाला आणि पंक्तिमुद्रणयंत्राला अडवीत होती. वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार, शिवाय शेकडो जोडाक्षरे, अशी ही त्रिस्तरी लिपी रोमन अक्षरासाठी घडलेल्या यंत्रात बसवणे अवघड होते. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा विचार टिळकांनीही केला होता. हरी गोविल यांच्या प्रयत्नांतून १९३३ मध्ये अमेरिकेत देवनागरी लायनोटाइप सिद्ध झाले. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारली आणि ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी रूपे सुचवली. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती प्रत्यक्ष छापून दाखवली. नांगराच्या कारखान्याचे माहितीपत्रक म्हणून जन्मलेल्या, चित्रकार संपादकाच्या हाती वाढलेल्या या मासिकाला अक्षराकडे यंत्राच्या सुट्या भागांसारखे पाहणे सहज जमले, यात आश्चर्य नाही. विनोबांची लोकनागरी ही याच प्रवाहातील दुसरी धारा.

या सुधारणांची तर्कशुद्धता निर्विवाद होती. तरीही त्या रुजल्या नाहीत. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली आणि १९५७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. या अपयशाचे स्पष्टीकरण बहुधा जनतेच्या रूढिप्रियतेने दिले जाते. परंतु त्यात एक न्याय्य विरोधही होता. डोळ्याची सवय ही नुकत्याच साक्षर झालेल्या माणसाची कष्टाने मिळवलेली मिळकत असते. अक्षर बदलले की तिचे मोल कमी होते, आणि नवे अक्षर शिकण्याची सवड ज्याच्याजवळ आहे तोच पुढे जातो. सुधारकांनी यंत्राचा वेळ मोजला, वाचकाचा मोजला नाही. पुढे प्रकाशजुळणी आणि संगणक आले, खिळ्यांच्या संख्येचा प्रश्नच मिटला, आणि ज्या कारणासाठी लिपी बदलायची होती ते कारण लिपीच्या आधी नाहीसे झाले.

६

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी पान दोन दिशांनी विकसित झाले. एकीकडे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी नटलेली मुखपृष्ठे होती. दलालांचे ‘दीपावली’ १९४५ पासून निघू लागले, आणि दिवाळी अंक ही घरात दर्शनी ठेवण्याची वस्तू झाली. या मुखपृष्ठांवरील स्त्री, तिचा पेहराव, तिच्या हातातील दिवा यांनी नव्या मध्यमवर्गाला त्याची आवडती प्रतिमा पुरवली. दुसरीकडे ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांचे पान होते : संयत, निर्दोष, मुद्रितशोधनाच्या कसोटीला उतरलेले. स्फटिकाच्या चषकाचे मराठीतील सर्वांत शुद्ध रूप म्हणजे हे पान. साहित्य स्वायत्त आहे, ते कोणत्याही बाह्य आधाराशिवाय उभे राहते, ही भूमिका त्या पानाच्या शुभ्र समासांतूनही सांगितली जात होती.

लघुनियतकालिकांनी आव्हान दिले ते या दुसऱ्या पानाला. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदींनी काढलेले ‘शब्द’ चक्रमुद्रित होते. अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांची ‘येरू’ आणि ‘चक्रवर्ती’ यांनी आकार, नाव, नियतकालिकता या सर्वच बाबतींत प्रतिष्ठित मासिकाचे संकेत झुगारले. चक्रमुद्रणाचा फिकटपणा आणि ओबडधोबड कडा या केवळ पैशाच्या अभावाच्या खुणा नव्हत्या. संपादकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या परवानगीवाचून हे पान निघाले आहे, अशी ती घोषणा होती. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची होळी झाली, तेव्हा ज्वाळांत गेले ते एका अभिरुचीचे दृश्य प्रमाणही होते.

मात्र या बंडाचे मूल्यमापन करताना त्याचा उगम तपासावा लागतो. अरुण कोलटकर हे जे. जे. कलाशाळेतून शिकलेले आणि जाहिरात क्षेत्रात सन्मान मिळवलेले कलादिग्दर्शक होते. रघुनाथ कृष्ण जोशी यांचीही अक्षरसाधना प्रथम जाहिरातसंस्थेत आणि नंतर पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात झाली. मराठी कवितेला पानावरच्या मोकळ्या जागेचे भान देणारी दृष्टी बाजारपेठेसाठी जागेची किंमत मोजण्याच्या व्यवसायातून आली, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे त्या दृष्टीचे मोल कमी होत नाही. कोलटकरांनी व्यवसायात कमावलेले कौशल्य व्यवसायाच्या विरुद्ध वापरले. जाहिरात नजरेला खेचून घेते, त्यांची मांडणी नजरेला थांबायला लावते. ‘जेजुरी’ (१९७६) या इंग्रजी संग्रहातील जेजुरी आणि रेल्वे स्थानक यांच्यामधील अंतराविषयीच्या कवितेत शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांच्या जागी शब्दच पानभर वरखाली होतात. देवळाच्या गणितापासून सुटका झाल्याचा आनंद तेथे विधानात नाही, मांडणीत आहे. ही कविता सलग ओळींत पुन्हा छापली, तर तिचा अर्थच हरवेल. मर्ढेकरप्रणीत माध्यमविचाराला येथे थेट अपवाद उभा राहतो. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) या शीर्षकात आदरार्थी अनुस्वाराला दिलेला फाटाही याच दृष्टीचा आहे. मुखपृष्ठावरील एका टिंबाच्या अनुपस्थितीने कवी आणि वाचक एका पातळीवर येतात.

दलित साहित्याच्या संदर्भात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ढाले यांच्या नियतकालिकांनी दृश्य बंडखोरीचा मार्ग घेतला. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने मात्र मांडणीतील प्रयोगाला आपली ओळख मानले नाही. या साधेपणाकडे प्रयोगशीलतेचा अभाव म्हणून पाहणे चुकीचे होईल. ज्यांना छापील पान सहज उपलब्ध होते, त्यांना ते मोडून दाखवण्याची चैन परवडत होती. ज्यांच्या पिढ्या अक्षरापासून दूर ठेवल्या गेल्या, त्यांना नेटके, सरळ, इतरांसारखेच पान हा मिळवलेला हक्क होता. एकच साधी मांडणी ‘सत्यकथे’त अभिरुचीची खूण ठरते आणि ‘अस्मितादर्श’मध्ये समतेच्या दाव्याची. दृश्यरूपाचा अर्थ आकारात साठवलेला नसतो; कोणी, कोणासाठी आणि कोणत्या वंचनेनंतर ते रूप धारण केले, यावर तो ठरतो.

७

संगणकयुगात अक्षराच्या रूपाचा निर्णय छापखान्यातून निघून संगणकप्रणालीच्या निर्मात्यांकडे गेला. कोट्यवधी पडद्यांवर पोचलेल्या ‘मंगल’ या फॉन्टचे आरेखन रघुनाथ कृष्ण जोशी यांचे होते, ही मराठीच्या अभिमानाची गोष्ट खरी. पण देशभरासाठी एकच देवनागरी गृहीत धरणाऱ्या बहुतेक फॉन्टांत ल आणि श यांची हिंदी वळणे आपोआप येतात, हेही तितकेच खरे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना मराठीची प्रमाण रूपे म्हणून मान्यता दिली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद करणारा अर्धा र टिकवण्यासाठी संगणकीय संकेतप्रणालीत ‘ऱ’ची सोय असणे अर्थाच्या दृष्टीने अत्यावश्यकच आहे, तो भेद गेला तर समुद्र आणि डोंगरातील खोलगट भाग एकच होतील.

ल आणि श यांचा आग्रह मात्र वेगळ्या प्रतीचा आहे. तेथे अर्थभेद नाही, परिचयाचा भेद आहे. तो आग्रह योग्य आहे, पण त्याला इतिहासाचे भान हवे. आज बाहेरून लादलेल्या प्रमाणाविरुद्ध तक्रार करणारे हे मराठी वळण एकेकाळी स्वतःच प्रमाण होते, आणि त्याच्या प्रतिष्ठापनेत मोडी बाहेर गेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी ती लिपी आज बहुसंख्य मराठी पदवीधरांना वाचता येत नाही, आणि स्वतःच्याच इतिहासाच्या लक्षावधी कागदांपुढे ते निरक्षर आहेत. वळणाचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेने आपण गमावलेल्या वळणाचाही हिशेब मांडायला हवा.

समीक्षेच्या दृष्टीने यातून काही निश्चित कर्तव्ये निष्पन्न होतात. ज्ञानेश्वरीच्या एकेका पाठासाठी हस्तलिखिते धुंडाळण्याची परंपरा राजवाड्यांपासून मराठीत आहे. आधुनिक साहित्याच्या बाबतीत मात्र अभ्यासक हाती आलेली कोणतीही आवृत्ती प्रमाण मानतो. पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ, टाइप, लेखनपद्धती, ओळींची मांडणी आणि नियतकालिकातील मूळ स्थान यांची नोंद हा संशोधनाचा अनिवार्य भाग व्हायला हवा. पुनर्मुद्रणात अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ गुपचूप बदलण्याची प्रथा थांबायला हवी. निदान बदल केल्याचे सांगितले तरी जावे. फुले यांच्या काळातील लेखन आजच्या नियमांनी ‘शुद्ध’ करून छापणे, हे चिपळूणकरांच्या उपहासाला उशिरा दिलेली संमती ठरते.

मुद्रणाचा इतिहास तंत्रज्ञांकडे आणि साहित्याचा इतिहास समीक्षकांकडे, ही श्रमविभागणी दोन्ही बाजूंना अपुरी ठेवते. ‘ख्रिस्तपुराणा’ला रोमन अक्षराने वाचकांपासून तोडले, ‘मूकनायक’ने बिरुदाच्या एका जागेतून आपला वाचक निर्माण केला. या दोन टोकांच्या दरम्यान मराठी अक्षराचा देह सतत कोणाला तरी आत घेत आणि कोणाला तरी बाहेर ठेवीत आला आहे. तो देह दिसत नाही असे समजून केलेले वाचन आत असलेल्यांचेच वाचन असते. ते सर्वांचे वाचन असल्याचा समज समीक्षेने सोडून द्यावा, एवढी तरी अपेक्षा रास्त आहे.